वेग की विसर्ग? ‘स्पीड टेस्ट’ या मापकाचे परीक्षण

घरातले इंटरनेट अडखळू लागले की बहुतेक जण एकच तपासणी करतात. मोबाइलवर ‘स्पीड टेस्ट’ लावतात. पडद्यावर मोटारीच्या वेगदर्शकासारखी तबकडी येते, काटा सरसर चढतो आणि ९४ किंवा ३८ अशा एखाद्या आकड्यावर स्थिरावतो. आकडा मोठा म्हणजे कनेक्शन उत्तम, लहान म्हणजे वाईट, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. उक्ला या अमेरिकी कंपनीची ‘स्पीडटेस्ट’ ही सेवा २००६ साली सुरू झाली. तिच्यासारख्या इतरही चाचण्या आज उपलब्ध आहेत. विज्ञानाच्या तासाला आपण कोणत्याही मापकाला जे प्रश्न विचारतो, तेच यालाही विचारायला हवेत. ते नेमके काय मोजते? कुठून कुठपर्यंत मोजते? आणि काय मोजत नाही?

आधी त्याचे श्रेय त्याला देऊ. जाहिरातीतील दावा पडताळून पाहण्याचे एक फुकट आणि सोपे साधन त्याने सामान्य ग्राहकाच्या हाती दिले. भारतात २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले की ते कनेक्शन ‘ब्रॉडबँड’ ठरत असे. जानेवारी २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट करण्यात आली. अशा व्याख्या कागदावर राहू नयेत यासाठी ग्राहकाला स्वतः मोजता आले पाहिजे. ती सोय या चाचणीने केली, हे निर्विवाद आहे.

आमची पहिली हरकत आहे ती ‘वेग’ या शब्दाला आणि त्या तबकडीला. सेकंदाला १०० मेगाबिट ही राशी वेगाची नाही. धरणाचे दरवाजे उघडले की बातम्यांत ‘इतक्या क्युसेकचा विसर्ग’ असे सांगतात. एका सेकंदात किती पाणी बाहेर पडले, हे त्यातून कळते. ते पाणी पुढच्या गावी किती वेळात पोहोचेल, हे त्यातून कळत नाही. मेगाबिटचा आकडा हा असाच विसर्ग आहे. (८ बिटांचा १ बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. फाइल उतरवताना दिसणारा आकडा ‘कमी’ वाटतो त्याचे एक कारण हेच.) आपण पाठवलेला संदेश पलीकडे जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, म्हणजे विलंब, ही निराळी राशी आहे आणि ती मिलिसेकंदांत मोजतात. चित्रपट पाहताना विसर्ग महत्त्वाचा. ऑनलाइन वर्गात प्रश्नोत्तरे चालू असताना विलंब महत्त्वाचा.

या विलंबाला निसर्गाचीही एक मर्यादा आहे. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे सरळ अंतर सुमारे ३९०० किलोमीटर. जाऊन येऊन ७८०० किलोमीटरला किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात याहून अधिक. कितीही महागडी योजना घेतली तरी हा वेळ कमी होत नाही. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित सहज करून घेता येईल.

दुसरी हरकत ‘कुठून कुठपर्यंत’ या प्रश्नाबाबत आहे. मोबाइलपासून राउटरपर्यंत वाय-फाय, राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत तंतू किंवा तार, आणि तिथून पुढे बाहेरचे जाळे, अशी ही साखळी आहे. चाचणी सबंध साखळीचा एकच आकडा देते. कोणती कडी कच्ची आहे हे सांगत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये शेजाऱ्यांचे राउटर आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह हे दोघेही ढवळाढवळ करतात. ५ गिगाहर्ट्झवर ही गर्दी कमी, पण भिंती ओलांडताना ते लवकर क्षीण होते. म्हणजे दोष घरातल्या भिंतीचा असतो आणि तक्रार मात्र कंपनीकडे जाते. शिवाय ही चाचणी सहसा जवळचाच सर्व्हर निवडते, कधी तो कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातलाही असतो. तेव्हा ‘आकडा उत्तम, पण हवे ते संकेतस्थळ उघडत नाही’ यात विसंगती काहीच नाही. गावातला रस्ता चांगला असल्याने घाटातली दरड हटत नाही.

तिसरी हरकत आम्हांला सर्वांत गंभीर वाटते. चाचणीतला विलंब मुख्यत्वे लाइन मोकळी असताना मोजलेला असतो. अलीकडे भाराखालचा विलंबही दाखवू लागले आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट. पण तो बारीक अक्षरांत, आणि तबकडीवर मान मोठ्या आकड्यालाच. जिम गेटिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञांना २०१० साली आपल्या घरी असे आढळले, की मोठी फाइल पाठवताना बाकी सर्व व्यवहार ठप्प होतात. शोध घेता कारण सापडले ते उपकरणांतल्या अवाजवी मोठ्या साठवण-रांगेत. याला त्यांनी ‘बफरब्लोट’ असे नाव दिले. हिशेब सोपा आहे. अपलोड सेकंदाला २ मेगाबिट आणि रांगेत ५०० किलोबाइट, म्हणजे ४ मेगाबिट, साचलेले असतील, तर नव्याने आलेल्या संदेशाला पुढे सरकायला २ सेकंद थांबावे लागेल. घरात एक जण छायाचित्रे पाठवत असेल तर दुसऱ्या खोलीतला ऑनलाइन वर्ग तुटतो, तो अशाने. यावर कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये रांग आटोक्यात ठेवण्याची एक पद्धत सुचवली. तिच्यावर आधारित सोय आता काही राउटरमध्ये असते. अशा वेळी अधिक पैसे भरून मोठी योजना घेतली, तरी दुखणे बरे होईलच असे नाही.

याच जेकबसन यांचा आधीचा अनुभवही बोलका आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, अवघ्या ४०० यार्डांवर, माहितीचा ओघ सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. नुसता आकडा पाहून थांबले असते तर ‘लाइन खराब’ एवढेच कळले असते. प्रत्येक पुडके केव्हा निघाले, केव्हा पोहोचले, हे तपासल्यावर दोष पाठवण्याच्या पद्धतीत आहे असे दिसले आणि उपायही सापडला.

मग पर्याय काय? माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली ‘पिंग’ ही छोटी आज्ञावली आज बहुतेक संगणकांत असते. पाणबुडीच्या सोनारसारखी ती हाक देते आणि प्रतिसादाला लागलेला वेळ सांगते. ती दिसायला रूक्ष आहे, तिला तबकडी नाही; पण तिच्याने कडी-कडी सुटी करता येते. आधी राउटरला हाक द्यावी (पुष्कळ घरांत त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असा असतो). इथेच वेळ वरखाली होत असेल तर दोष वाय-फायचा. तार जोडून तेच पुन्हा मोजावे. इथे सारे ठीक असेल तर ८.८.८.८ अशा बाहेरच्या पत्त्याला हाक द्यावी. अंकी पत्ता उत्तर देतो पण नाव दिल्यास देत नाही, असे झाले तर नावाचा पत्ता शोधणाऱ्या डीएनएस यंत्रणेत बिघाड आहे. शेवटी मोठी फाइल पाठवत असताना हीच मोजणी करावी. वेळ दहापट वाढला तर गुन्हेगार ती रांग. मात्र काही सर्व्हर अशा हाकांना मुद्दाम उत्तर देत नाहीत, म्हणून एका मौनावरून निष्कर्ष काढू नये.

या साऱ्यात एका वेळी एकच घटक बदलणे, बाकीचे स्थिर ठेवणे, सकाळ-रात्रीची नोंद ठेवणे हे नियम आपण प्रयोगवहीत शिकवतोच. ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. पण त्याने कारण पुसले जाते, कळत नाही. म्हणून आधी मोजावे, मग बंद करावे.

‘स्पीड टेस्ट’ टाकाऊ आहे असे आमचे म्हणणे नाही. तापमापीने ताप कळतो, रोग नव्हे, आणि त्यात तापमापीचा दोष नाही. पण ताप नसला की प्रकृती उत्तम, असे ठरवून टाकणारी तबकडी मात्र सदोष आहे. विद्यार्थ्यांनी तिचा आकडा जरूर पाहावा आणि लगेच विचारावे : हा कशाचा आकडा? ही सवय लागली तर एक बिघडलेले कनेक्शनही प्रयोगशाळेचे काम करील.