शंभर वर्षे गेली कुठे?

बालपणी आवडलेल्या चित्रपटाचे परीक्षण करणे जोखमीचे असते. आपण कलाकृती पाहतो आहोत की तिच्याभोवती साचलेला आपलाच भूतकाळ, हे सांगणे अवघड होऊन बसते. वॉल्ट डिस्ने यांचा 'स्लीपिंग ब्यूटी' (१९५९) हा असाच स्मरणरंजनाच्या मखरात बसलेला चित्रपट. ते मखर बाजूला ठेवून मूर्ती कशी दिसते, हे पाहावे असे मला वाटले.

मूर्ती देखणी आहे, यात शंका नाही. आयव्हिंड अर्ल यांनी रंगवलेली पार्श्वचित्रे मध्ययुगीन युरोपातील भिंतपटांची आठवण करून देतात. चौकोनी छाटल्यासारखी झाडे, उभे उंच बुरूज, पानापानावर केलेली कलाकुसर! रुंद पडद्यासाठी रचलेली ही चित्रे डोळे भरून पाहावीत अशी आहेत. चायकोव्हस्कीच्या १८९० सालच्या बॅलेचे संगीत जॉर्ज ब्रन्स यांनी चित्रपटासाठी योजले. नायक-नायिकेचे वनातले गाणेही त्यातल्याच एका वॉल्ट्झवर बेतले आहे. त्यामुळे प्रसंग एकातून एक तालात उमलत जातात.

पण या वैभवात माणसे कुठे आहेत? राजकन्या ऑरोरा चित्रापुरतीच सुंदर राहते. चरख्याच्या चातीचे टोक बोटाला लागल्यावर ती अखेरपर्यंत एक शब्दही बोलत नाही. राजपुत्र फिलिपही कैदेत पडल्यापासून मुकाच. ढाल-तलवारही त्याला पऱ्यांनीच दिलेली. जीव आहे तो त्या तीन वयस्कर पऱ्यांत. सोळा वर्षे जादूविना पोर वाढवणाऱ्या, केक करताना फजिती होणाऱ्या, पोशाख गुलाबी की निळा यावर हमरीतुमरीवर येणाऱ्या या तिघी आपल्या घरातल्या मावश्या-आत्याच वाटतात. आणि मॅलिफिसंट! मार्क डेव्हिस यांची रेखा आणि एलिनॉर ऑडली यांचा थंड, धारदार आवाज यांतून उभी राहिलेली ही खलनायिका इतरांना झाकोळून टाकते. पुढे २०१४ साली तिलाच नायिका करून चित्रपट निघाला, यात नवल नाही.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. बारशाला न बोलावलेल्या परीचा शाप आपल्याला परका वाटत नाही. कपाळी लेख लिहिणारी सटवाई आपल्याला ठाऊक आहे. पण पेरोच्या १६९७ सालच्या कथेत आणि ग्रिम बंधूंच्या कथेत त्या शापाला उतारा असतो तो काळाचा. राजकन्या शंभर वर्षे झोपते. तो अवधी भरत आला की काटेरी कुंपण आपोआप वाट देते. राजपुत्राचे शौर्य तिथे गौण आहे. तो योग्य वेळी येतो, इतकेच. चित्रपटात ही शंभर वर्षे एका रात्रीत आटोपतात. कुंपण तलवारीने तोडावे लागते, ड्रॅगनशी झुंजावे लागते. ती झुंज विलक्षण थरारक आहे, पण गोष्टीचा गाभा त्यात हरवतो. गंमत अशी की शंभर वर्षांचा उल्लेख उरतो तो मॅलिफिसंटच्या तोंडी. म्हातारा झाल्यावर तुला सोडीन, असे ती फिलिपला हिणवते. मूळ कथेचे सत्य खलनायिकेच्या थट्टेपुरते उरले!

स्मरणरंजन नेमकी ही उणीव झाकते, असे मला वाटते. चित्रपटातून गळालेला काळ आपण प्रेक्षक स्वतःच्या आयुष्यातून भरून काढतो आणि त्या खोलीचे श्रेय चित्रपटाला देतो. आज पहिल्यांदाच तो पाहणाऱ्या मुलापाशी ती शिल्लक नसते.

गोष्ट एका भाषेतून दुसरीत जाताना काय गळते, हे घरात दोन भाषा नांदणाऱ्या आपल्या वाचकांना सांगायला नको. माध्यम बदलतानाही तसेच होते. म्हणून मुलांना हा चित्रपट जरूर दाखवावा. पण आदल्या रात्री ती गोष्ट आपण आपल्या बोलीत सांगावी, शंभर वर्षांसकट.