बासरी आणि दोन व्हायोला

लखनौस बदलून आलेला मराठी माणूस कैसरबागेतली भातखंड्यांची संस्था पाहून सुखावतो. १९२६ साली मॉरिस कॉलेज म्हणून निघालेल्या ह्या विद्यालयात पुढे रातंजनकरांनी शिष्य घडविले, वाईचे वि. गो. जोग येथे व्हायोलिन शिकवीत. त्याच जोगांच्या व बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या जुगलबंदीवर पोसलेला आमचा कान फ्रीडरिख कुलाऊच्या पंचवाद्यरचनांपाशी प्रथम अडखळला, हे कबूल केले पाहिजे.

जर्मनीत जन्मून कोपनहेगनात स्थायिक झालेल्या ह्या रचनाकाराच्या तीन रचना (ओपस ५१) १८२३ साली प्रसिद्ध झाल्या. बासरी, एक व्हायोलिन, दोन व्हायोला आणि चेलो असा त्यांचा मेळ. जुगलबंदीत एक बोलतो, दुसरा ऐकून उत्तर देतो. येथे पाचहीजण एकदम बोलतात. आम्ही एकच एक सूर धरून त्यात राग शोधीत बसलो आणि फसलो. खरी गंमत त्या दुसऱ्या व्हायोलात आहे. दुसऱ्या व्हायोलिनच्या जागी हे खालच्या सुरांचे वाद्य आल्यामुळे मधला पट सावळा होतो. मग बासरीला उठून दिसण्यासाठी ओरडावे लागत नाही.

कुलाऊ स्वतः बासरीवादक नव्हता, तरी बासरीसाठी त्याने विपुल लिहिले. शेवटच्या द्रुत भागांत मात्र ही विपुलता जाचते. तानबाजीचा दोष केवळ आपल्याच गवयांचा नव्हे, एवढेच समाधान! संथ भाग पुनःपुन्हा ऐकावेत, आणि तेही चेलोकडे कान ठेवून.