क्रियापदामागचा चिमुकला शब्द

'राइट' या इंग्रजी क्रियापदामागे एकेक छोटा शब्द ठेवून बघा. फोनवर कुणी पत्ता सांगत असेल तर तो 'राइट डाउन' करायचा, म्हणजे विसरण्याआधी कागदावर उतरवायचा. बैठकीत घाईघाईने घेतलेली टिपणे नंतर सलग आणि वाचण्याजोगी केली की ते 'राइट अप' झाले. चेक सगळ्या तपशिलांसह भरून लिहिला तर तो 'राइट आउट' केला. वसुलीची आशा संपलेले कर्ज बँकेने हिशेबातून काढले की ते 'राइट ऑफ'. क्रियापद एकच, पण प्रत्येक वेळी लिहिण्याचा हेतू वेगळा, लिहिणाऱ्याची मनःस्थिती वेगळी आणि कागदाचे पुढे काय होणार तेही वेगळे. हा सगळा फरक ज्या शब्दाने केला, तो दोन-चार अक्षरांचा!

व्याकरणात या जोडगोळीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. आपल्याकडे शाळेत ती यादी करून पाठ करायची असते. 'गिव्ह'खाली दहा, 'टेक'खाली बारा, समोर मराठी अर्थ. परीक्षा झाली की यादी पुसली जाते आणि विद्यार्थ्याच्या मनात एवढेच उरते की इंग्रजी ही लहरी भाषा आहे. मला मात्र इंग्रजीतले सर्वांत रसाळ दालन हेच वाटते. आणि त्यात शिरायचे तर क्रियापदाकडून नव्हे, मागच्या चिमुकल्या शब्दाकडून शिरावे. खरी गंमत तिथे आहे.

मराठी माणसाला तर हे दालन परके वाटण्याचे काही कारणच नाही. 'लिहून घे', 'लिहून ठेव', 'लिहून दे', 'लिहून काढ', 'लिहून टाक' हे आपण दिवसभर बोलतो. 'लिहून घे' म्हणताना लिहिणाऱ्याचा फायदा मनात असतो, 'लिहून दे' म्हणताना दुसऱ्याचा. 'लिहून ठेव'मध्ये पुढची सोय आहे, 'लिहून काढ'मध्ये सगळे पूर्ण उतरवण्याचे कष्ट आहेत आणि 'लिहून टाक'मध्ये एकदाचे मोकळे होण्याची घाई. 'सांगून टाक' म्हटल्यावर कुणी काही फेकत नाही. टाकण्याची क्रिया गेली, तिच्यातला सुटकेचा भाव राहिला. इंग्रजीने हेच काम दिशा दाखवणाऱ्या शब्दांकडून करून घेतले. वर, खाली, आत, बाहेर, दूर असे शरीराला कळणारे शब्द घेतले आणि त्यांना मनाच्या व्यवहारात कामाला लावले.

त्यातला सर्वांत गुणी शब्द 'अप'. त्याचा मूळ अर्थ वर. 'स्टँड अप'मध्ये, 'पिक अप'मध्ये तो सरळ दिसतो. मग तो वाढीकडे सरकतो. 'स्पीक अप' म्हणजे आवाज चढवून बोल, 'ग्रो अप' म्हणजे मोठा हो. पुढे तो जवळ येण्याचा अर्थ घेतो. एखादा अनोळखी माणूस चालत तुमच्यापाशी आला तर तो 'वॉक अप' करून येतो, कारण जवळ येणारी वस्तू नजरेत मोठी होत जाते. तिथून प्रकट होण्याचा अर्थ अगदी शेजारी आहे. न बोलावलेला पाहुणा 'टर्न अप' होतो, अनपेक्षित अडचण 'क्रॉप अप' होते. आणि शेवटी येतो पूर्णत्वाचा अर्थ. 'ईट युअर राइस' म्हणजे भात खा, 'ईट अप युअर राइस' म्हणजे पानात शीत ठेवू नकोस. 'यूज अप' म्हणजे वापरून संपवणे, 'टेअर अप' म्हणजे फाडून तुकडे करणे. वर जाण्याचा आणि संपण्याचा संबंध काय? पेल्यात पाणी ओतताना पातळी चढत जाते आणि काठाशी पोचली की भरणे पुरे होते. 'फिल अप'मध्ये वर जाणे आणि पूर्ण होणे एकाच क्षणी घडते. तो क्षण ओळखला की 'ड्रिंक अप'ही उलगडते, जरी पिताना पातळी खाली जात असली तरी.

हाच 'अप' 'डाउन'शेजारी ठेवला की कारागिरी आणखी उठून दिसते. घर आगीत भस्म झाले तर ते 'बर्न डाउन' होते. वातावरणात शिरलेली उल्का जळून गेली तर ती 'बर्न अप' होते. दोन्हीकडे सारे जळूनच गेले आहे. पण घराच्या बाबतीत बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोसळणाऱ्या भिंती आहेत, जिथे इमारत होती तिथे जमिनीलगत उरलेली राख आहे. उल्केच्या बाबतीत जमीन नाहीच. आहे ते फक्त निःशेष होणे. एका शब्दाच्या बदलाने कॅमेऱ्याची जागा बदलते. कवितेचा शब्द निवडताना कवी जे करतो, ते इथे रस्त्यावरचा माणूस सहज करून जातो.

'ऑफ'चा स्वभाव तुटण्याचा, सुटण्याचा. बसमधून उतरणे 'गेट ऑफ', प्रवासाला निघणे 'सेट ऑफ', ठरलेला समारंभ रद्द करणे 'कॉल ऑफ'. इथवर वाट सरळ आहे. 'गो ऑफ'पाशी विद्यार्थी अडखळतो. दिवे 'गो ऑफ' झाले म्हणजे विझले, पण गजर 'गो ऑफ' झाला म्हणजे वाजू लागला! दूध 'गो ऑफ' झाले म्हणजे नासले. हा विरोधाभास वरवरचा आहे. गजर आणि बंदूक या दाबून धरलेल्या शक्ती. खटका सुटला की ती शक्ती बंधनातून निसटते. दिवा चालू अवस्थेतून सुटतो, दूध चांगल्या अवस्थेतून. तिन्हीकडे कशाचा तरी धरलेला हात सुटला आहे. एवढे लक्षात आले की तीन अर्थ वेगवेगळे पाठ करावे लागत नाहीत.

या शब्दांना वयही मोठे आहे. इंग्लंडमधल्या पीटरबरो मठातल्या भिक्षूंनी लिहिलेली बखर 1154पर्यंतच्या घटना सांगते. तिच्या शेवटच्या भागात 'गिव्ह अप'चे जुने रूप भेटते. राजा स्टीफनने काही बिशपांना कैदेत टाकले आणि त्यांनी आपले किल्ले ताब्यात देईपर्यंत सोडले नाही, असा तो प्रसंग आहे. आज डॉक्टरांच्या सांगण्यावरून साखर 'गिव्ह अप' करणारा माणूस नकळत किल्ल्याच्या किल्ल्याच हवाली करत असतो. त्या शरणागतीची छटा शब्दात अजून शिल्लक आहे. म्हणूनच 'गिव्ह अप'मध्ये थोडी हार ऐकू येते आणि 'डोन्ट गिव्ह अप' म्हणताना आवाजात आपोआप लढाईचा जोर येतो.

1066मध्ये नॉर्मन आले, त्यांच्याबरोबर फ्रेंच आली, पुढे विद्वानांनी लॅटिनमधून शब्दांची भर घातली. परिणामी एकाच कामाला इंग्रजीत दोन वेश मिळाले. आग 'एक्स्टिंग्विश' करण्याबद्दल भिंतीवरची सूचना बोलते, पण प्रत्यक्ष ज्वाळा दिसल्यावर माणूस 'पुट इट आउट!' असेच ओरडतो. सभा पत्रातून 'पोस्टपोन' होते, बोलण्यात 'पुट ऑफ' होते. 'टॉलरेट' हा निबंधातला शब्द. शेजाऱ्याचा रोजचा गोंगाट मात्र लोक 'पुट अप विथ' करतात. मराठी माध्यमातून पुस्तकी इंग्रजी उत्तम शिकलेला माणूस अग्रलेख समजून घेतो आणि चहाच्या टेबलावर गप्प होतो, याचे एक कारण इथे आहे. त्याच्याकडे दरबारी पोशाख आहे, घरातला नाही. या छोट्या शब्दांशी सलगी झाली की बोलणे मोकळे होते.

त्यांना लयही आहे. 'स्विच ऑफ द लाइट' चालते, 'स्विच द लाइट ऑफ'ही चालते. पण 'लाइट'ऐवजी 'इट' आले की 'स्विच इट ऑफ' एवढेच बरोबर. 'इट' म्हणजे आधीच माहीत असलेली गोष्ट. तिच्यावर जोर द्यायचे कारण नाही, म्हणून ती मध्ये दबून बसते आणि वाक्याचा ठोका 'ऑफ'वर पडतो. बोलताना 'स्विचिटॉफ' असे एकसंध ऐकू येते. आता नाम घ्या. 'मेकअप', 'चेकअप', 'टेकऑफ' यांत ठोका पहिल्या भागावर सरकतो. गाडीचा 'पिकअप', फाइलचा 'बॅकअप', हॉटेलचे 'चेकआउट' ही नामे मराठीत कधीच रुळली आहेत. म्हणजे भांडार घरात आहे. नामाची घडी उलगडून त्याचे क्रियापद करायचे आणि ठोका मागे न्यायचा, एवढेच बाकी आहे.

आपल्याकडे या शब्दांनी थोडी वेगळी वळणेही घेतली. 'कोप अप विथ' भारतात सर्रास ऐकू येते. प्रमाण इंग्रजीत 'कोप विथ' पुरते. हा जादा 'अप' आला कुठून? 'कीप अप विथ' आणि 'पुट अप विथ' यांच्या संगतीतून आला असावा, असे मला वाटते. परीक्षेत तो टाळावा, पण बोलणाऱ्याच्या कानाला घाट बरोबर जाणवला होता, याची दाद द्यावी. 'पास आउट'चेही तसेच. आपल्याकडे विद्यार्थी कॉलेजातून 'पास आउट' होतो. इंग्लंड-अमेरिकेत हे ऐकून लोक दचकतील, कारण तिथल्या रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ बेशुद्ध पडणे. तरी आपला वापर निराधार नाही. ब्रिटिश लष्करी परंपरेत प्रशिक्षण पुरे करून बाहेर पडणे म्हणजे 'पास आउट' होणे, आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची 'पासिंग आउट परेड' तीच परंपरा चालवते.

या साऱ्या पसाऱ्याची दखल पहिल्यांदा मनापासून घेतली ती सॅम्युएल जॉन्सनने. 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत तो या जोडगोळ्यांची उदाहरणे देतो आणि परदेशी माणसाला सर्वांत अवघड जाते ते हेच, असे मान्य करतो. पण तो तिथे थांबत नाही. आपल्या कोशातून निसटलेल्या जोड्या वाचकाला नोंदवलेल्यांशी ताडून उलगडता येतील, असा विश्वासही तो देतो. 1989मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने कोबिल्डचा फ्रेजल व्हर्ब कोश काढला, तेव्हा त्यांनी शेवटी या छोट्या शब्दांची स्वतंत्र सूची जोडली. 'अप' उघडला की वाढीचे, जवळ येण्याचे, पूर्णत्वाचे असे त्याचे गट समोर येतात. जॉन्सनचा विश्वास दोन शतकांनंतर असा पद्धतशीर कामी आला. शिकणाऱ्याने कोशाची सुरुवात या सूचीपासून करावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

काम वाटते तेवढे अफाटही नाही. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी 2007मध्ये 10 कोटी शब्दांचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस तपासला. अवघी 20 क्रियापदे आणि 8 छोटे शब्द यांच्या जोड्यांनी फ्रेजल व्हर्बच्या निम्म्याहून अधिक वापराची जागा व्यापलेली आढळली. ते 8 शब्द म्हणजे 'आउट', 'अप', 'ऑन', 'बॅक', 'डाउन', 'इन', 'ऑफ' आणि 'ओव्हर'. साधारण दर 150 शब्दांमागे एक फ्रेजल व्हर्ब भेटते, असाही त्यांचा हिशेब आहे. म्हणजे वर्तमानपत्रातल्या एका मध्यम बातमीत दोन-तीन हमखास. एका वेळी एकच छोटा शब्द हाताशी धरावा, वाचताना-ऐकताना त्याच्या खाणाखुणा टिपाव्यात, त्यांचे गट लावावेत आणि प्रत्येक गटातले एक वाक्य त्याच दिवशी मोठ्याने बोलावे. पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

या अभ्यासाचे फळ नव्या शब्दापाशी कळते. गाडीत पट्टा बांधा याला 'बकल अप' म्हणतात, थंडीत अंगभर कपडे घालण्याला 'रॅप अप'. 2020मध्ये साथ पसरली आणि इंग्रजी पाट्यांवर, घोषणांत 'मास्क अप' दिसू लागले. ते समजायला कुणाला कोश उघडावा लागला नाही. त्यातल्या 'अप'ने सांगितले की मुखपट्टी नीट, पुरती बांधा आणि बाहेर पडण्याआधी सज्ज व्हा. 'लॉग इन', 'झूम आउट', 'स्क्रोल डाउन' हेही असेच जुन्या शब्दांच्या खांद्यावर बसून आले. उद्या आणखी येतील. यादी पाठ केलेल्याची यादी तोवर अपुरी पडलेली असेल. 'अप' आणि 'ऑफ'चा स्वभाव ओळखणाऱ्याला मात्र ते नवे शब्द पहिल्या भेटीतच कळतील आणि पहिल्या भेटीतच वापरता येतील.