पिंगुळी, सुरभी आणि ‘मायाबझार’ : तेलुगू पौराणिक चित्रपटातील मायेचे स्वरूप

तेलुगू पौराणिक चित्रपटाच्या यशाचे श्रेय सामान्यतः मद्रासच्या चित्रनिर्मितिगृहांना व तेथील छायालेखन-कौशल्याला देण्यात येते. हे मत असत्य नसले तरी अपुरे आहे. यंत्राने दृश्य घडविता येते. परंतु त्या दृश्याचा आस्वाद घेणारा प्रेक्षक यंत्राने घडत नाही. तो रंगभूमीने आणि तिच्याही पूर्वी छायानाट्याने घडविलेला असतो. या दृष्टीने पाहता तेलुगू चित्रपटाचा एक धागा सिंधुदुर्गाच्या परिसरापर्यंत येऊन पोहोचतो.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या या तीन कला जतन केल्या आहेत. तेथील परशुराम विश्राम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. आंध्रातील ‘तोलु बोम्मलाट’ हे चामड्याच्या बाहुल्यांचेच नाट्य होय. तेथील बाहुल्या आकाराने मोठ्या, रंगीत व सांधेजोड असतात. ते खेळविणारी कित्येक घराणी आजही घरात मराठीची बोली बोलतात. याच परंपरेतील वनारस घराण्याने 1885 साली कडप्पा भागातील सुरभी या गावी ‘कीचकवध’ नाटक रंगविले आणि ‘सुरभी’ नाटकमंडळीचा पाया घातला. बाहुली जाऊन नट आला. पडद्यामागचा दिवा पडद्यापुढे आला. सुरभीच्या रंगमंचावर स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या. त्या मंडळीतील कमलाबाई 1932 साली एच. एम. रेड्डी यांच्या ‘भक्त प्रल्हाद’ या पहिल्या तेलुगू बोलपटाच्या नायिका झाल्या. पिंगुळीचे कलावंत व ही घराणी एकाच कुळातील आहेत, असे यावरून सिद्ध होत नाही. दोघांची कला एका जातीची आहे, एवढेच म्हणता येते, आणि समीक्षेला तेवढे पुरेसे आहे.

अभिमन्यू आणि बलरामकन्या यांच्या विवाहाची कथा व्यासांच्या भारतात नाही. लोकपरंपरेने तिला महाराष्ट्रात वत्सला वा सुरेखा म्हटले, आंध्रात शशिरेखा. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात 1921 साली ‘सुरेखाहरण’ हा मूकपट काढला. त्यात श्रीकृष्णाची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. तेलुगूत ही कथा 1936 साली बोलपटरूपाने आली, आणि 1957 साली के. व्ही. रेड्डी यांनी विजया संस्थेसाठी ‘मायाबझार’ दिग्दर्शित केला.

या चित्रपटातील छायालेखक मार्कस बार्टली यांचे चांदणे विख्यात आहे. घटोत्कचाच्या मुखात आपोआप जाणारे लाडूही प्रेक्षकांच्या स्मरणात आहेत. तथापि कृतीचे खरे सामर्थ्य अन्यत्र आहे. ज्या पेटीत पाहणाऱ्याला आपली प्रिय वस्तू दिसते, त्या पेटीत कृष्णाला शकुनी दिसतो. येथे चमत्कार हा स्वभावचित्रणाचे साधन बनला आहे. शशिरेखेचे रूप घेतलेला घटोत्कच हे याहून उत्तम उदाहरण. सावित्री यांनी नववधूच्या देहात राक्षस दाखविला आहे. एस. व्ही. रंगाराव यांची ऐट, त्यांची चाल त्या क्षणभर उसनी घेतात आणि लगेच लाजऱ्या वधूचा आव आणतात. लग्नमंडपात वराच्या पायावर पडणारा तो जड पाय कोणत्याही यंत्राने पडलेला नाही. माया येथे सर्वस्वी अभिनयाधीन आहे.

मालवणी मुलखातील दशावताराशी या प्रसंगाची तुलना उद्बोधक ठरते. दशावतारात पुरुष स्त्रीवेष घेतो. ‘मायाबझार’मध्ये स्त्री ही स्त्रीरूप घेतलेल्या पुरुषाची भूमिका करते. दिशा उलट असली तरी तत्त्व एकच आहे. वेषाखालचा दुसरा देह प्रेक्षकाने विसरायचा नसतो. त्या जाणिवेतच रस असतो. जत्रेच्या रात्री एका बाकड्याचा राजवाडा होतो आणि तेच बाकडे अरण्यही होते. संवाद लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतो. साधनांची ही दरिद्रता व विजया संस्थेची समृद्धी यांत अंतर मोठे आहे, परंतु दोन्हीकडे प्रेक्षकाच्या कल्पनेला काम दिलेले आहे.

पुढील काळात तेलुगू पौराणिक चित्रपटात हा तोल ढळला. एन. टी. रामाराव हे ‘मायाबझार’मध्ये कृष्ण होते, पण तो कृष्ण कथेच्या आज्ञेत वागत होता. 1977 सालच्या ‘दान वीर शूर कर्ण’मध्ये दिग्दर्शक तेच, आणि कृष्ण, कर्ण व दुर्योधनही तेच. नटाचा आवाका त्यातून निःसंशय प्रकट होतो. मात्र पात्रांपेक्षा नट मोठा होतो. प्रेक्षक कर्ण पाहत नाही, कर्ण झालेले रामाराव पाहतो. 1983 साली ते मुख्यमंत्री झाले, तेव्हा ही प्रतिमा पडद्याबाहेर आली होती. दशावतारी नट पहाटे रंग पुसून शेताकडे वळतो. देवत्व त्याच्या अंगाला चिकटून राहत नाही. कलेच्या दृष्टीने हा भेद क्षुल्लक नव्हे.

मराठी अभ्यासकाने या इतिहासातून केवळ कुलाभिमान घेऊ नये. सुरभीची कला मराठी घराण्यांनी आणली असली तरी ती फुलली तेलुगू भाषेत, तेलुगू प्रेक्षकांच्या आश्रयाने. उगमाचा मान आणि कर्तृत्वाचा मान या भिन्न गोष्टी होत. एका प्रांतात छायानाट्यापासून नाटक व नाटकापासून चित्रपट असा क्रम अखंड चालला. दुसऱ्या प्रांतात पिंगुळीची बाहुली आणि कोल्हापूरचा कॅमेरा यांची भेटच झाली नाही. ती का झाली नाही, हा प्रश्न मराठी चित्रपटाच्या इतिहासकारांनी स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. त्याचे उत्तर शोधण्याकरिता ग्रंथालयाइतकीच पिंगुळीची वाट धरावी लागेल, आणि चामड्याच्या बाहुल्या खेळविणारे हात तेथे आहेत तोवरच ती धरली पाहिजे.