घडीवरचे अक्षर : मिटणाऱ्या फोनची व्यवहारातली परीक्षा

जुनी कागदपत्रे चाळण्यात माझी पंचवीसेक वर्षे गेली. खरेदीखत असो, वाटणीपत्र असो की गावाचा कापडी नकाशा, एक गोष्ट हमखास दिसते : अक्षर आधी घडीवर जाते. बाकीचा कागद शाबूत असतो. नेमका रकमेचा आकडा किंवा हद्दीचे नाव घडीत सापडते आणि तिथेच भोक पडते. त्यामुळे भाच्याने त्याचा घडीचा फोन, ज्याला बाजारात फोल्डेबल म्हणतात, महिनाभर माझ्याकडे ठेवला, तेव्हा पडद्याच्या आकाराआधी माझी नजर मधल्या रेषेकडे गेली.

या फोनांचा इतिहास फार जुना नाही. 2018च्या अखेरीस रोयोल या कंपनीचा फ्लेक्सपाय आला. एप्रिल 2019मध्ये सॅमसंगचा पहिला गॅलेक्सी फोल्ड परीक्षकांच्या हातातच बिघडू लागला. काहींनी वरचा थर साधे संरक्षक प्लास्टिक समजून सोलला, तर काही फोनांत बिजागरीतून कचरा आत शिरला. कंपनीने विक्री पुढे ढकलली आणि सुधारणा करून तो सप्टेंबरमध्ये बाजारात आणला. भारतात त्याची किंमत होती 1,64,999 रुपये.

तेव्हाचे आक्षेप आज जसेच्या तसे मांडणे अन्यायाचे ठरेल. 2025चा गॅलेक्सी फोल्ड 7 मिटल्यावर 8.9 मिलिमीटर जाड आहे आणि वजनाला 215 ग्रॅम, म्हणजे त्याच कंपनीच्या न मिटणाऱ्या एस 25 अल्ट्रापेक्षा 3 ग्रॅमने हलकाच. ‘खिशात वीट’ हा शेरा आता खरा नाही. त्याचा पडदा पाच लाख वेळा मिटून पाहिल्याचे कंपनी सांगते. रोज शंभर वेळा उघडला तरी हा हिशोब तेरा वर्षांच्या पुढे जातो.

मग मोठ्या पडद्याचा आपल्याला उपयोग काय? माझ्यापुरते उत्तर सातबाऱ्यात सापडले. आपल्या जिल्ह्यात फोनवर सातबारा न पाहिलेले शेतकरी घर आता विरळाच. हा उतारा मुळात कागदासाठी आखलेला. ए-फोर कागद 21 सेंटीमीटर रुंद. साध्या फोनचा पडदा जेमतेम 7. म्हणजे उतारा एक तृतीयांश आकारात दिसतो. मग बोटांनी मोठा करायचा, डावीकडे सरकवायचा, उजवीकडे सरकवायचा. तोवर कोणता आकडा कोणत्या रकान्यातला हेच निसटते. ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा बोजा असतो, कुळाचे नाव असते. तो नजरेतून सुटला तर जमीन घेणाऱ्याचे आयुष्यभराचे नुकसान. घडीचा फोन उघडल्यावर पडदा सुमारे साडेतेरा सेंटीमीटर होतो. चष्मा लावून मी पूर्ण उतारा न सरकवता वाचला. हा फायदा खरा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे.

पण महिनाभरात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. घराबाहेर मी तो फोन क्वचितच उघडला. 2021पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. एका हातात काठी किंवा छत्री, दुसऱ्यात फोन. तो उघडायला तिसरा हात आणायचा कुठून? एसटीत उभ्याने प्रवास करताना तेच, घोडेगावच्या कांदा बाजारात लिलावाच्या गर्दीत तेच. फोन उघडला जायचा तो घरी, ओट्यावर बसल्यावर. आणि ओट्यावरच वाचायचे असेल, तर पंधरा हजारांचा टॅब त्याहून मोठा पडतो. ज्याला प्रवासातच लांबरुंद कागद वाचावे लागतात, त्या वकिलाला किंवा अधिकाऱ्याला हा फोन शोभतो. बाकीच्यांचे पैसे न उघडलेल्या पडद्यात अडकतात.

दुसरा प्रश्न धुळीचा. फोनच्या आवेष्टनावर आयपी लिहून दोन आकडे असतात. पहिला धूळ-कचऱ्याचा, दुसरा पाण्याचा. फोल्ड 7वर 48 आहे. यातला 4 एवढीच हमी देतो की एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कण आत जाणार नाही. आपल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीचा कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक असतो. साध्या महागड्या फोनांवर 68 असते. त्यातला 6 म्हणजे धूळ पूर्ण बंद. 2025मध्ये गुगलच्या पिक्सेल 10 प्रो फोल्डने घडीच्या फोनातही 68 आणून दाखवले. म्हणजे ही अडचण तंत्राने सुटते, पण त्याची किंमत आहे 1,72,999 रुपये. शिवाय सॅमसंगची पाच लाखांची चाचणी झाली 25 अंश तापमानाला. नगरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो.

तिसरा प्रश्न घडीचाच. पैठणी सांभाळणारी बाई दर काही महिन्यांनी तिची घडी बदलते, कारण एकाच रेषेवर दुमडत राहिले तर जर तुटते. फोनला ही सोय नाही. तो जन्मभर एकाच रेषेवर मिटणार. अशा पडद्याची काच सुमारे 30 मायक्रॉनची, म्हणजे केसाहूनही बारीक, आणि तिच्यावर प्लास्टिकचा थर. माझ्या ओळखीच्या एका आडत्याच्या फोनवर दीड वर्षात मधोमध काळी रेघ उमटली. तालुक्याच्या दुकानदाराने हात लावायलाच नकार दिला. शहरात दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, त्यात दोन चांगले साधे फोन आले असते. एका उदाहरणावरून निवाडा देऊ नये, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. पण साध्या फोनचा पडदा तालुक्याच्या गावी तासाभरात बदलून मिळतो, हा फरक कोणत्याही जाहिरातीत दिसत नाही.

म्हणून माझे मत असे. घडीचा फोन ज्या गरजेला उत्तर देतो ती गरज खरी आहे, पण आपल्याकडे ती पुष्कळशी कागदाच्या आखणीतून आलेली आहे. आता बहुतेक लोक सातबारा फोनवरच वाचतात, तर तो फोनच्या रुंदीचा का नसावा? नाव, क्षेत्र, इतर अधिकार असे रकाने एकाखाली एक मोठ्या अक्षरांत मांडले, तर दहा हजारांच्या फोनवरही बोजा स्पष्ट दिसेल. पावणेदोन लाखांचा पडदा प्रत्येकाने घेण्यापेक्षा एका उताऱ्याची आखणी बदलणे स्वस्त आहे.

भाच्याला फोन परत दिला तेव्हा मधल्या रेषेवरून एकदा बोट फिरवून पाहिले. पन्हाळ बोटाला जाणवत होती. अक्षर अजून शाबूत होते.