‘मानभावी’ या शब्दाचे काय करायचे?



विषय जाहीर झाला तेव्हा एका मित्राने फोन करून विचारले, “अहो, एका शब्दावर तासभर बोलणार तुम्ही?” आम्ही म्हटले, शब्द एकच आहे खरा, पण त्यात सातशे वर्षांचे भांडण आहे. आणि त्या भांडणात आम्ही स्वतः एकदा चुकीच्या बाजूला उभे होतो. सुरुवात तिथूनच करू.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो त्या काळची गोष्ट. वर्गात दांभिकतेवर बोलता बोलता एका कादंबरीतल्या पात्राविषयी आम्ही सहज म्हणून गेलो, “हा मनुष्य मोठा मानभावी आहे.” तास संपल्यावर एक विद्यार्थिनी दाराशी थांबली. म्हणाली, “सर, आमच्या घरी उपदेश आहे. तुम्ही म्हटला तो शब्द आमचा आहे.” एवढेच. रागावली नव्हती, रडलीही नाही. पण पदव्या मिळवून आलेल्या माणसाला त्या दोन वाक्यांनी निरुत्तर केले. हा शब्द कुठून आला ते आम्हाला ठाऊक होते. तो कुणाला लागतो, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

महानुभाव या नावाचा बोलीतला अपभ्रंश ‘मानभाव’ आणि त्यावरून ‘मानभावी’, म्हणजे वरून गोड आणि आतून लबाड. शिवाय म्हण आहेच: करणी कसाबाची, बोलणी मानभावाची. एका म्हणीत दोन समाजांचा उद्धार! आता विचार करा, एखाद्या पंथाचे नावच भाषेत ढोंगीपणाचे विशेषण होऊन बसते, हे कसे घडले असेल? त्या पंथात ढोंगी माणसे जास्त होती म्हणून? ढोंगी माणसे सगळीकडे सारखीच असतात, मंडळी. कारण वेगळे आहे, आणि ते तत्त्वज्ञानात आहे.

महानुभाव चार नित्य पदार्थ मानतात: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. देवता आहेत, फळही देतात, पण ते फळ संपणारे असते. मोक्ष देणारा परमेश्वर एकटाच. तेव्हा उपदेश घेतलेला माणूस गावदेवीपुढे नारळ फोडणार नाही, बोकडाच्या जत्रेला जाणार नाही. आणि त्याच्या आचारधर्मात अहिंसा इतकी कडक की कठोर शब्द हीसुद्धा हिंसा. म्हणजे गावाने पाहिले काय? हा माणूस आपल्या देवाला हात जोडत नाही, पण भांडतही नाही, नम्रपणे ‘दंडवत प्रणाम’ म्हणून बाजूला होतो. आतल्या माणसाच्या दृष्टीने ती साधना होती. बाहेरच्याला वाटले, याच्या पोटात काहीतरी आहे. गोड बोलणे आतून सद्गुण होते, बाहेरून तोच पुरावा ठरला. काळी वस्त्रे पाहून संशय आणखी वाढला.

त्यात भर पडली लिपीची. चौदाव्या शतकापासून पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीत आणि तशाच दुसऱ्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. आतला हेतू असा की, ब्रह्मविद्या अनधिकारी माणसाच्या हाती पडू नये. बाहेरच्यांनी निष्कर्ष काढला, झाकतात म्हणजे झाकण्यासारखे काहीतरी असलेच पाहिजे.

इथे जरा लांबचे उदाहरण देतो, मग परत येऊ. अमेरिकेत मॉर्मन नावाचा पंथ आहे, १८३० साली स्थापन झालेला. शेरलॉक होम्स आपल्याकडे घराघरांत वाचला जातो. त्याच्या पहिल्याच कादंबरीत, १८८७ साली, कॉनन डॉयलने या मॉर्मनांना खुनशी, बायका पळवणारे असे रंगवले. वाचकाला खुनाचे कोडे हवे होते, लेखकाला खलनायक हवा होता, पंथ आयता सापडला. पुढे २०११ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांच्या धर्मग्रंथाचेच नाव घेऊन एक संगीत विनोदी नाटक आले. त्यात चेष्टा भरपूर, शिव्याही भरपूर. पंथाने काय करावे? मोर्चा नाही, बंदीची मागणी नाही. नाटकाच्या माहितीपुस्तिकेतच त्यांनी जाहिरात दिली. आशय असा की, नाटक पाहिलेत, आता मूळ ग्रंथही वाचा.

आम्हाला हे उत्तर फार आवडले. पण लगेच मनात आले, असे उत्तर द्यायला हाताशी काय लागते? छापलेला ग्रंथ लागतो, पैसा लागतो, आणि चेष्टा करणाऱ्याच्याच भाषेत बोलण्याची सोय लागते. आमचा महानुभाव शेतकरी म्हण ऐकून ‘आता ग्रंथ वाचा’ असे कुणाला सांगणार होता? ग्रंथ सकळ लिपीत, पेटीत, मठात. जवळजवळ सहाशे वर्षे या पंथाचे चित्र त्याचा शब्दही न वाचलेल्या माणसांनी काढले. दोष फक्त बाहेरच्यांना देऊन भागणार नाही. दार आतूनही लावलेले होते, हे मान्य केले पाहिजे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत ते दार उघडले. राजवाडे, वि. ल. भावे यांनी लिपीची किल्ली लोकांपुढे ठेवली. आपल्या जिल्ह्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे यवतमाळचे य. खु. देशपांडे, पेशाने वकील, यांनी शारदाश्रमातून या वाङ्मयाचा शोध घेतला आणि १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ दिला. मग नागपूरचे ह. ना. नेने, मग डॉ. वि. भि. कोलते. आणि चित्र एकदम पालटले. कालचा ‘मानभावी’ आज मराठीचा आद्य गद्यकार झाला! ‘लीळाचरित्र’ अभ्यासक्रमात आले. आता तर रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले. फार चांगले झाले.

पण आमचे म्हणणे नीट ऐका. हा गौरवही बाहेरच्याच माणसाने काढलेले चित्र आहे. त्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी पुढे आम्हाला घरी बोलावले. कोरडवाहू शेती, पऱ्हाटीचे पीक, माणूस फार शिकलेला नाही. आम्ही त्यांना उत्साहाने सांगू लागलो, लीळाचरित्रातली वाक्ये किती छोटी, संवाद किती जिवंत, तेराव्या शतकातली बाजारहाट, खाणेपिणे सगळे कसे डोळ्यांपुढे येते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “वाचलं तर तुम्ही बराबर, सर. पन स्मरन केलं काय?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. कारण त्यांच्यासाठी ती पोथी गद्याचा नमुना नाही. चक्रधर स्वामी निघून गेले, परमेश्वराचे सन्निधान सुटले, आता उरले काय? त्यांच्या लीळा आठवणे. ते आठवणे हीच साधना. म्हाइंभटांनी रिद्धपूरला बसून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून विचारून लीळा गोळा केल्या, त्या मराठी गद्याचा पाया घालण्यासाठी नव्हे, विरह सोसवेना म्हणून. शिवी देणाऱ्याने पंथाला माणुसकीतून उठवले आणि स्तुती करणाऱ्याने त्याला संग्रहालयात नेऊन बसवले. दोघांनीही विचारले नाही, की बाबा, तुम्ही या पोथीचे करता काय?

मग काय, श्रद्धावानाला पटेल तेच चित्र खरे? असे म्हणून आम्ही मोकळे झालो असतो, पण कोलत्यांचे प्रकरण आडवे येते. १९७८ साली राज्य साहित्य संस्कृती मंडळाने त्यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ प्रसिद्ध केले आणि पंथात मोठे वादळ उठले. चक्रधरांचा शेवट कसा झाला, हा सर्वांत दुखरा प्रश्न. पंथाची श्रद्धा अशी की, प्रभू उत्तरापंथे गेले. कोलत्यांनी पोथ्यांच्या आधारे म्हटले, त्यांची हत्या झाली. आयुष्य या पोथ्यांत घालवलेला हा संशोधक काही वैरी नव्हता. पण भक्ताच्या काळजाला हात घातला गेला, हेही खरे.

इथे आमची बाजू आम्ही स्पष्ट सांगतो. संशोधकाला हे म्हणण्याचा अधिकार आहे. संमतीची अट घातली तर इतिहास लिहिताच येणार नाही. पण त्याच्यावर एक कर्ज आहे. भक्त जे मानतो ते त्याने भक्ताला ओळखू येईल इतक्या ताकदीने आधी मांडले पाहिजे, मग आपला निष्कर्ष. ‘ओळखू येणे’ आणि ‘पटणे’ यांत फरक आहे. आमच्या मते बाहेरच्या चित्रकाराची कसोटी पहिली आहे, दुसरी नाही. ‘मानभावी’ हा शब्द या कसोटीवर नापास होतो, कारण त्यात कुणाही महानुभावाला आपला चेहरा दिसत नाही. कोलत्यांचा निष्कर्ष कितीही बोचला, तरी त्यात समोर निदान पोथी आहे आणि तिच्याशी वाद घालता येतो.

आणि आतल्या मंडळींनाही आमचे एक नम्र सांगणे आहे. तुमच्या पूर्वजांनी हेच केले होते. एकच लीळा दोन जणांनी वेगळी सांगितली, तर त्यांनी एक पुसून टाकली नाही. दुसरा पाठही ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवला, कुणाचा ते नावासकट. मतभेद सांभाळण्याचा हा धर्म तुमच्याच घरातला आहे.

त्याहून मोठे उदाहरण गोविंदप्रभूंच्या चरित्राचे. रिद्धपूरचा हा अवतार कसा? कुणाच्याही घरात शिरतो, ताटातले उचलून खातो, मूर्तींशी खेळतो, लोकांवर रागावतो. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी १९८४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. परक्या वाचकाला पहिला प्रश्न हाच पडणार, हा देव की वेडा? गंमत अशी की हा प्रश्न त्या पोथीतल्या गावकऱ्यांनाही पडलेला आहे. ते राऊळाला वेडा म्हणतात आणि तेच त्याला मायबापही म्हणतात. भक्तांनी लिहिताना वेडा म्हणणाऱ्यांचे तोंड बंद केले नाही. बाहेरच्याचा डोळा त्यांनी पोथीच्या आत जागा देऊन ठेवला. इतकी हिंमत फार थोड्या चरित्रांत असते.

तेव्हा मंडळी, ‘मानभावी’ या शब्दाचे काय करायचे? कोशातून खोडायचा का? नको. कोशात तो राहू द्या, आपण काय केले याची नोंद म्हणून. बोलण्यातून मात्र जाऊ द्या. दांभिक आहे, ढोंगी आहे, लबाड आहे, शब्दांचा दुष्काळ नाही मराठीत. आम्ही त्या दिवसापासून तो वापरलेला नाही. एकदा मात्र एका व्याख्यानात जिभेवर आला होता, तिथेच थांबलो आणि दुसरा शब्द शोधला. श्रोत्यांना वाटले, म्हातारपणामुळे सर विसरले. तसे नव्हते. उलट, दाराशी उभी असलेली ती मुलगी आठवली होती.

दंडवत प्रणाम.