पवित्रा आणि प्रहार : ‘पोकेमॉन’मधील गुणवृद्धीचा विचार

१९९६ साली जपानात प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘पोकेमॉन’ या संगणक-खेळात खेळणाऱ्यापुढे प्रत्येक पाळीला एक मूलभूत प्रश्न उभा असतो : आता प्रहार करावा, की प्रहार न करता आपल्या जीवाचे बळ वाढवून घ्यावे? या दुसऱ्या प्रकारच्या खेळीस आमचे विद्यार्थी ‘बूस्ट मारणे’ असे म्हणतात. ‘मारणे’ हे मराठी क्रियापद मोठे सर्वभक्षक आहे. झाडू मारणे, फेरी मारणे, थाप मारणे या मालिकेत हाही एक प्रयोग सहज सामावून गेला. परंतु जिचे वैशिष्ट्यच न मारण्यात आहे अशा खेळीस हे क्रियापद लावावे, यात केवळ शब्दांचा विनोद नसून विचाराचाही थोडा घोटाळा आहे, असे मला वाटते. ‘बूस्ट’ म्हणजे पदरी पडलेली काही वस्तू, एकदा मिळवली की आपली झाली, अशी समजूत त्यामागे दिसते. खेळातील पराभवांचे मूळ पुष्कळदा याच समजुतीत असते.

या खेळीस मराठीत ‘पवित्रा’ म्हणावे, अशी माझी सूचना आहे. कुस्तीच्या आखाड्यातून आणि दांडपट्ट्याच्या खेळातून हा शब्द आपल्याकडे रूढ झालेला आहे. पवित्रा म्हणजे प्रहार नव्हे आणि नुसता शक्तिसंचयही नव्हे. समोरच्याकडे पाहून घेतलेली ती शरीराची ठेवण होय. प्रतिस्पर्ध्याने हालचाल बदलली की पवित्रा व्यर्थ ठरतो, आणि आखाडा सोडला की तो उरत नाही. ‘पोकेमॉन’चा नियम नेमका हाच आहे. प्रत्येक पक्षाजवळ सहापर्यंत जीव असतात व एकेरी सामन्यात त्यांपैकी एकच मैदानात असतो. त्याला मागे बोलावताच त्याने मिळवलेली सर्व वृद्धी नाहीशी होते. मूळ जपानी नावेही या अर्थाला जवळची आहेत. आक्रमण वाढविणाऱ्या खेळीचे नाव ‘त्सुरुगी नो माई’, म्हणजे तलवारीचे नृत्य. मनोबल वाढविणारी ‘मेइसो’, म्हणजे ध्यान. कपटी बेत रचण्यालाही तेथे एक स्वतंत्र खेळी आहे. नृत्य, ध्यान, कारस्थान या सर्व क्रियांना वेळ लागतो आणि त्या चालू असताना करणारा उघड्यावर असतो, हे नावे ठेवणाऱ्यांनी अचूक हेरले आहे.

आता या वेळेचा हिशेब पाहू. वृद्धी पायऱ्यांनी होते आणि पायऱ्या सहाच आहेत. एका पायरीने आक्रमण दीडपट होते, दोनांनी दुप्पट, चारांनी तिप्पट, सहांनी चौपट. तलवारनृत्य एका पाळीत दोन पायऱ्या चढविते. म्हणजे पहिल्या नृत्याने बळ दुप्पट झाले. दुसऱ्याने ते दुपटीचे तिप्पट झाले, म्हणजे हाती असलेल्याच्या दीडपटच. तिसऱ्याने तिपटीचे चौपट, म्हणजे सव्वापटीहून किंचित अधिक. खर्च मात्र तिन्ही वेळा सारखाच, पुरी एक पाळी. नवशिका खेळाडू मैदान मोकळे दिसताच तीनदा नाचतो. मुरलेला खेळाडू बहुधा एकदाच नाचून प्रहारास लागतो. यात धैर्याचा प्रश्न नसून साध्या अंकगणिताचा आहे.

त्याहून सूक्ष्म गोष्ट पुढेच आहे. समजा, समोरचा जीव आपल्या दोन प्रहारांत पडणारा आहे. नृत्य करून एकच प्रहार केला काय, किंवा न नाचता दोन केले काय, पाळ्या दोनच लागल्या. त्या जीवापुरता पवित्र्याचा लाभ शून्य. लाभ होतो तो त्याच्या जागी येणाऱ्या पुढच्या जीवावर, कारण आता तोही एका घावात पडू शकतो. सारांश, पवित्रा समोर उभ्या असलेल्या शत्रूसाठी घ्यावयाचा नसून अद्याप न आलेल्या शत्रूसाठी घ्यावयाचा असतो. म्हणूनच २००२ च्या आवृत्तीत आलेल्या ‘ड्रॅगन-नृत्या’ला जाणते खेळाडू इतके मानतात. ते आक्रमण व वेग प्रत्येकी एकाच पायरीने वाढविते, परंतु वेग वाढल्याने घाव कोणी आधी घालावयाचा हा क्रमच उलटतो. भाषेच्या अभ्यासकाला येथे पदक्रमाची आठवण व्हावी. शब्द तेच असले तरी कोण आधी आला यावर पुष्कळ काही ठरते.

मात्र ही मोकळी पाळी मिळते कोठून? ती बहुधा प्रतिस्पर्धीच देतो. ज्याचे सारे बळ बचावात आहे आणि ज्याला दुखावता येत नाही, असा जीव मैदानात आणणे म्हणजे समोरच्यास नाचण्याचे निमंत्रण देणेच होय. देवगिरीच्या परिसरात राहणाऱ्या आपणांस हे निराळे सांगावयास नको. १२९६ मध्ये अलाउद्दीन चालून आला तेव्हा रामचंद्रदेव अभेद्य दुर्गात जाऊन बसला, आणि मग धान्याची समजून आणलेली पोती मिठाची निघाली, अशी परंपरागत हकीकत आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, बचावाने वेळ मिळतो, पण तो कोणाच्या कामी येतो हे निराळ्याच गोष्टीवर ठरते, एवढे तीतून निश्चित दिसते. खेळातील शहाणा बचाव म्हणूनच काही उत्तर राखून ठेवतो : सर्व वृद्धी पुसून टाकणारे धुके, नाचणाऱ्याला मैदानाबाहेर घालविणारी गर्जना, किंवा त्याला डिवचून केवळ प्रहारच करावयास भाग पाडणारा टोमणा.

या रचनेचे सौंदर्य मला वृद्धीच्या नश्वरतेत दिसते. जेथे जेथे ती नश्वरता सैल झाली, तेथे तेथे खेळ बिघडला. १९९९ च्या आवृत्तीत ‘बॅटन पास’ नावाची खेळी आली. तिने एका जीवाची वृद्धी दुसऱ्याच्या हवाली करता येऊ लागली. एकाने वेग कमवावा, दुसऱ्याने बचाव, आणि सारे संचित शेवटी एका मल्लास द्यावे! पवित्रा देहापासून सुटून वारसाहक्काची मालमत्ता झाला. ‘स्मोगन’ या खेळाडूंच्या संघटनेने आपल्या नियमांत आधी या खेळीवर मर्यादा घातल्या व पुढे प्रमुख एकेरी गटातून तिला बाहेर काढले. त्यावर पुष्कळ वाद झाला असला तरी मला तो निर्णय योग्य वाटतो. घाव चुकविण्याची हुलकावणी वाढविणाऱ्या खेळ्यांवरील त्यांची बंदीही याच न्यायाने समर्थनीय ठरते, कारण तेथे उत्तर देणाऱ्याचे कौशल्य संपून केवळ दैव उरते. अधिकृत स्पर्धांनी बंदीपेक्षा निराळा मार्ग पत्करला आहे. तेथे दोनास दोन अशी लढत असते. नाचणाऱ्या एकट्यावर दोघांनी मिळून तुटून पडता येते, म्हणून पवित्रा घ्यावयाचा तर शेजारच्या सोबत्याने ते घाव अंगावर घ्यावे लागतात. रचनाकाराच्या दृष्टीने हा उपाय मला अधिक सुंदर वाटतो.

पहिल्या आवृत्तीचे सरसकट गुणगान करणाऱ्यांशी मात्र माझा मतभेद आहे. त्या आवृत्तीत घाव वर्मी लागला की वृद्धीचा हिशेबच सोडून दिला जाई. त्यामुळे नाचून दुप्पट वा अधिक बळ मिळविलेल्या जीवाचा वर्मी घाव त्याच्या साध्या घावाहून हलका पडे. प्रहार वर्मी लागावा आणि त्याच कारणाने सौम्य ठरावा, ही विसंगती कोणत्याही भाषेत समजावून सांगता येणार नाही. दुसऱ्या पिढीपासून ती दूर झाली.

डिसेंबर २०१६ मध्ये भारतात आलेल्या ‘पोकेमॉन गो’मुळे आपल्याकडील अनेकांचा या खेळाशी पहिला परिचय भ्रमणध्वनीवर झाला. तेथे दोन खेळाडूंच्या लढतीत गुणवृद्धी आहे, परंतु ती काही प्रहारांबरोबर, कधी निश्चितपणे तर कधी योगायोगाने, येते. प्रहार न करता केवळ पवित्रा घेण्याची सोय त्या लढतीत नाही. ‘बूस्ट मारणे’ हा प्रयोग शब्दशः कोठे लागू पडत असेल, तर तो तेथेच.